सेरेसचा बर्फ, जायकवाडीचं पाणी आणि मधेच कांदा

गोदाकाठचा:
शाळेच्या ग्रुपवर एकाने काल टाकलं, 'सायन्स फिक्शन मालिकेत यानं दाखवा, ग्रह दाखवा, राजकारण कशाला घुसडता'. बाबा रे, द एक्स्पान्स पाहिलीस की नुसता ट्रेलर? त्यात सेरेस ह्या लघुग्रहावरचा बर्फ कधीच ओरबाडून नेलेला, लोकांना पाणी मापून, आणि शनीच्या कड्यांतून बर्फ आणणारं कँटरबरी यान उडालं की सेरेसवर दंगल. ह्यातून राजकारण काढलं तर उरतं काय, हेल्मेट? नाशकात बसून हे कळत नसेल तर कमाल आहे. गंगापूर, दारणा आपली, पाऊस झेलायचा त्र्यंबक-इगतपुरीने, आणि ऑक्टोबर आला की सोडा पाणी खाली जायकवाडीला. आपणच बेल्टर, म्हणजे मालिकेतले ते लघुग्रहांवरचे नाडलेले लोक.

पैठणकर, मुक्काम सातपूर:
वा! धरणं वर तुमच्याकडे, द्राक्षं तुमची, आणि बेल्टर पण तुम्हीच? 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के नसेल तरच सोडायचं असतं, 2005 चा कायदा आहे, समन्यायी वाटप म्हणतात त्याला, उपकार नाही. माझी आई संभाजीनगरला असते, नळ आठवड्याने येतो, ती पिंपाला फडकं बांधून त्यावर खडूने तारीख लिहिते, आधी जुनं पिंप संपवायचं म्हणून. तिला सांगा तुम्ही बेल्टर. फार तर मालिकेतले ते बलाढ्य मंगळवाले आहात.

गोदाकाठचा:
आधी तिकडचा ऊस बंद करा, मग आईंचं सांगा.

पैठणकर, मुक्काम सातपूर:
आईवर जाऊ नका. ऊस तिच्या गच्चीत नाही.

निफाडचा पोरगा:
पाण्याचं सोडा हो, कांद्याचं बोला. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली तेव्हा आमचे बाबा ट्रॅक्टर घेऊन रांगेत, लिलाव बंद, आणि लाल कांदा तो, उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत टिकत नाही, चौथ्या दिवशी ट्रॉलीच्या फळीतून काळं पाणी ठिबकायला लागलं आणि बाबा ते बघत चहा पीत बसलेले. 4 मे ला बंदी उठली, तीही 40 टक्के शुल्क लावून. दिंडोरीत लोकसभेला केंद्रीय मंत्री पडल्या त्या काय उगाच?

सिडको:
कांद्यानेच पडल्या कशावरून? आणि भाव चढला की आम्ही 80 रुपये किलोने घेतो तेव्हा तुमचे बाबा दिसत नाहीत ते.

निफाडचा पोरगा:
80 तुम्ही दिले, बाबांना किती मिळाले ते विचारा ना. फ्लॅटमधून बोलणं सोपंय.

सिडको:
फ्लॅटचा हप्ता भरतो म्हणून बोलतो. असो, धागा सिरियलचा होता. 2021 ला आडगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर, विज्ञानकथा लिहिणारा माणूस, तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत. मी गेलो होतो. परतताना अख्ख्या रिक्षात एक जण विज्ञानकथेवर बोलला असेल तर शपथ. सगळं राजकारण. तेव्हा ग्रुपवाल्याचं 'घुसडता' चूकच, ते आधीपासून आत बसलेलंच असतं.

गोदाकाठचा:
बरं पैठणकर, आईंचं पिंप मान्य. तुम्ही बेल्टर, खूश? पण मंगळवाले आम्ही नाही, ते मुंबईवाले.

निफाडचा पोरगा:
ती मालिका 2018 ला तीन सीझननंतर बंद पडली तेव्हा म्हणे लोकांनी विमानाला बॅनर बांधून फिरवलं आणि अमेझॉनने उचलली. आमच्या ट्रॉलीवरून एक पतंग नाही उडवला कोणी.