कमी अल्कोहोलची वाइन आणि नाजूक पोट : मराठवाड्यातील अनुभव

वाइन घेतल्यावर छातीत जळजळ, आंबट ढेकर किंवा दुसऱ्या दिवशी पोट बिघडणे हा त्रास अनेकांना होतो. परंतु त्याविषयी चारचौघांत बोलण्याचा संकोच असल्याने ‘पित्त झाले’ एवढ्यावरच विषय मिटतो. म्हणून कमी अल्कोहोलची वाइन निवडल्याने खरोखर फरक पडला का, आणि निवडताना काय पाहिले, असे आपल्या भागातील वाचकांना विचारले होते. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा सततची पोटदुखी असणाऱ्यांनी मात्र वाइन बंद ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे, ही कळकळीची विनंती.

छत्रपती संभाजीनगर, अभियंता :
नान-खलियासारखे मसालेदार जेवण आणि सोबत १४ टक्के अल्कोहोलची लाल शिराझ वाइन असा बेत झाला की रात्री झोप लागत नसे. अल्कोहोलमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते आणि जठरातील आम्ल वर येते, हे पोटविकारतज्ज्ञांनी समजावल्यापासून मी लेबलवरचे टक्के वाचू लागलो. १३ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते, तर ८ टक्क्यांच्या तेवढ्याच वाइनमध्ये साडेनऊ. जर्मनीची ‘काबिनेट’ या हलक्या दर्जाची रीसलिंग ही पांढरी वाइन बहुधा ८-९ टक्क्यांची असते. मुंबईला गेलो तर ती घेतो. जळजळ निश्चित कमी झाली, पण त्या दिवशीचे जेवण सौम्य ठेवले तरच.

लातूर, शिक्षिका :
माझा अनुभव याच्या उलट आहे. इटलीची मोस्कातो द’आस्ती जेमतेम साडेपाच टक्क्यांची असते, म्हणून ती आवर्जून मागवली. पण ती गोड आणि फसफसणारी असल्याने पोट तट्ट फुगले. त्यापेक्षा कोरडी पांढरी वाइन अर्धा पेला, जेवणाबरोबर आणि मध्ये पाणी पीत घेतली, तर मला सोसते. केवळ टक्क्यांवर भरवसा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जालना, द्राक्ष बागायतदार :
ताईंचे म्हणणे बरोबर आहे आणि त्याचे कारण द्राक्षातच आहे. एक लिटर रसातील साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. त्यामुळे २२ ब्रिक्सच्या (म्हणजे १०० ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम साखर असलेल्या) रसातील सगळी साखर आंबली तर वाइन बारा-तेरा टक्क्यांवर जाते. आमच्याकडच्या उन्हात मण्यांत साखर झपाट्याने चढते आणि आम्ल उतरते. टक्के कमी ठेवायचे तर द्राक्षे लवकर तोडावी लागतात, म्हणजे वाइन आंबट होते. किंवा आंबवण्याची क्रिया मध्येच थांबवावी लागते, म्हणजे साखर उरते. तिसरा मार्ग म्हणजे तयार वाइनमधून निर्वात ऊर्ध्वपातनाने (हवेचा दाब कमी करून मंद उष्णतेवर वाफ करून) किंवा अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळून अल्कोहोल काढणे. म्हणून ज्याला आंबट बाधते त्याने लवकर तोडलेल्या द्राक्षांची वाइन टाळावी, ज्याला गोड बाधते किंवा मधुमेह आहे त्याने साखर उरलेली टाळावी, असे आपल्या पोटाकडे पाहूनच ठरवावे.

नांदेड, औषधविक्रेता :
आंबवलेली पेये, म्हणजे बिअर आणि वाइन, जठरातील आम्लाचा स्राव वाढवतात. व्हिस्कीसारख्या ऊर्ध्वपातित मद्याने तो तसा वाढत नाही. याचा अर्थ व्हिस्की सोसेल असा मुळीच नाही, कारण तीव्र अल्कोहोल जठराच्या अस्तरालाच इजा करते. मला अधिक काळजी वाटते ती आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक सुरू असताना वाइन घेणाऱ्यांची, कारण त्यात जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आधी पित्ताची गोळी घेऊन मग पेला उचलणारेही भेटतात. गोळीने जळजळ दबते, पण अल्कोहोल आहे तेवढेच शरीरात जाते.

बीड, गृहिणी :
मी अल्कोहोल काढलेली, ०.५ टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोलची वाइन घेऊन पाहिली. मळमळ थांबली, आंबट ढेकर मात्र राहिले, कारण द्राक्षाचे आम्ल तसेच असते. आता घरच्या कार्यक्रमात यजमान व पाहुणे वाइन घेतात तेव्हा मी ताक घेते, आणि कोणी आग्रह करत नाही. अशी अल्कोहोल काढलेली, पण कमी आंबट वाइन परभणी किंवा बीडमध्ये कोठे मिळत असल्यास कृपया कळवावे. माझ्या जाऊबाईंना ती हवी आहे.