मदत हवी आहे: रोख पैसेवाल्या गुंतवणूकदारापुढे टिकायचं कसं?

स्वतः राहायला छोटं, जुनं घर शोधतोय. बजेटमधलं काही दिसलं की आधीच तीन-चार घरं भाड्यानं दिलेला कुणीतरी रोख पैसे घेऊन हजर. आमचं कर्ज मंजूर होईपर्यंत विकणारा थांबत नाही. त्याला तरी दोष कसा द्यायचा? पण तेच घर लगेच भाड्याच्या जाहिरातीत दिसतं, तेही आमच्या हप्त्याहून जास्त भाड्यानं, तेव्हा डोकं फिरतं. सिंगापूरमध्ये दुसरं घर घेणाऱ्या नागरिकालाही २० टक्के जादा मुद्रांक शुल्क पडतं. सगळीकडे कुठलं असायला!

कर्जाची पूर्वमंजुरी आधीच घेऊन कुणाला फायदा झालाय का? टोकन वाढवावं, की मालकाला थेट भेटावं? जाहिरातीआधी अशी घरं कळतात कुठून? (‘भाड्यानंच राहा’ हा सल्ला कृपया नको.)