मदत हवी आहे: इराक युद्धाचा निर्णय वास्तववादाने समजावायचा की उदारमतवादाने?

नमस्कार मंडळी,

राज्यशास्त्राच्या एम.ए.साठी लघुप्रबंध लिहितेय. अमेरिकेने मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला करायचं का ठरवलं, आणि तो निर्णय वास्तववादाच्या चौकटीत नीट बसतो की उदारमतवादाच्या, असा विषय आहे. वाचन बऱ्यापैकी झालंय, पण एका जागी गाडी रुतली आहे. इथे आंतरराष्ट्रीय संबंध शिकलेले आणि शिकवणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वास्तववाद म्हणतो, राष्ट्रांच्या डोक्यावर कुणी पोलीस नाही आणि संकटात कुणी धावून येईल याची हमी नाही. म्हणून प्रत्येक राष्ट्र आधी आपली सुरक्षितता आणि आपलं बळ पाहतं; सरकार कुठल्या पक्षाचं, राज्यपद्धती कोणती, याने फारसं बिघडत नाही. उदारमतवाद म्हणतो, बिघडतं. लोकशाही आहे की हुकूमशाही, व्यापार किती गुंतलाय, कुठल्या आंतरराष्ट्रीय संस्थांचं सभासदत्व आहे, देशातल्या कुठल्या गटाचं सरकारवर वजन आहे, यावरून राष्ट्राला मुळात काय हवंय ते ठरतं.

आता अडचण सांगते.

२६ सप्टेंबर २००२ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ३३ अभ्यासकांच्या सह्यांची एक जाहिरात आली. इराकशी युद्ध अमेरिकेच्या राष्ट्रहिताचं नाही, हे तिचं म्हणणं. सह्या करणाऱ्यांत केनेथ वॉल्ट्झ, जॉन मिअरशायमर, स्टीफन वॉल्ट होते. वास्तववादावर काहीही वाचायला घ्या, ही नावं टाळता येत नाहीत. मुद्दे रोखठोक होते. सद्दामकडे अण्वस्त्रं आली तरी प्रत्युत्तराच्या धास्तीने त्याला ती वापरता येणार नाहीत. अल-कायदाशी त्याची हातमिळवणी असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. आणि युद्ध सहज जिंकलं तरी तिथून बाहेर कसं पडायचं याला उत्तर नाही, कारण आतून दुभंगलेला देश वर्षानुवर्षं ताब्यात ठेवून सांभाळावा लागेल. यातला शेवटचा मुद्दा किती खरा ठरला ते सगळ्या जगाने पाहिलं.

राष्ट्रं बळाचा आणि धोक्याचा हिशोब करून वागतात असं ज्यांचा सिद्धांत सांगतो, त्यांनाच आपल्या सरकारपुढे तो हिशोब जाहिरात देऊन मांडावा लागला. मग हा सिद्धांत राष्ट्रं कशी वागतात ते सांगतो, की त्यांनी कसं वागावं ते? सल्ला म्हणून त्यांचं म्हणणं पक्कं होतं याबद्दल मला शंका नाही. पण स्पष्टीकरण म्हणून काय? ज्या निर्णयाला हे तिघेही विरोध करत होते, तोच त्यांच्या सिद्धांताचा पुरावा म्हणून कसा मांडायचा?

आणि तरीही वास्तववादी स्पष्टीकरण लिहायला घेतलं की सरसर लिहून होतं, ही खरी पंचाईत. सोव्हिएत संघ १९९१ च्या डिसेंबरमध्ये विसर्जित झाला, अमेरिकेला तोलून धरणारं कुणी उरलं नाही, आणि अडवणारं कुणी नसलं की बलाढ्य राष्ट्र हातपाय पसरतं. त्यात ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला, वर आखाताचं तेल. प्रकरण तयार!

उदारमतवादी बाजूही तितकीच सहज उभी राहते. अरब जगात लोकशाही रुजली तर दहशतवादाची मुळं सुकतील, हा विचार बुश सरकारने उघडपणे मांडला. ६ नोव्हेंबर २००३ चं बुश यांचं भाषण जवळजवळ पूर्ण त्यावरच आहे. लोकशाही देश एकमेकांशी लढत नाहीत, हे सूत्र मायकेल डॉइल यांनी १९८३ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या आधाराने मांडलं होतं. त्याच लेखनात त्यांनी असंही बजावलं होतं की हीच उदारमतवादी राष्ट्रं बिगर-उदारमतवादी राष्ट्रांशी वागताना अविचारी आक्रमक होऊ शकतात. म्हणजे शांततेच्या सिद्धांतातच या युद्धाची जागा आधीपासून होती. मला हा भाग वाचताना अस्वस्थ व्हायला झालं. उदारमतवाद म्हणजे सलोखा आणि वास्तववाद म्हणजे युद्धखोरी ही आपल्याकडच्या गाईडांमधली वाटणी इथे साफ उलटी होते.

मसुदा वाचून माझ्या मार्गदर्शकांनी समासात एकच प्रश्न लिहिला: ‘काय घडलं असतं तर हे स्पष्टीकरण चूक ठरलं असतं?’ यावर मी अडकले आहे. कारण अमेरिका थांबली असती, तर तेही मी दोन्ही सिद्धांतांनी समजावून सांगितलं असतं. वास्तववादाने म्हणायचं, धोका नव्हता म्हणून थांबली. उदारमतवादाने म्हणायचं, सुरक्षा परिषदेची मंजुरी नव्हती म्हणून थांबली.

इतर निर्णय लावून पाहिले. १९९८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सिनेटने पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकाच्या नाटो-प्रवेशाला ८० विरुद्ध १९ मतांनी मंजुरी दिली; त्याच्या वर्षभर आधी जुने वास्तववादी मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी ही घातक चूक ठरेल असं लिहिलं होतं. २००१ च्या डिसेंबरमध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, तोही अमेरिकेच्या पाठिंब्याने. वाढत्या प्रतिस्पर्ध्याला आपल्याच बाजारपेठेवर पोसू नका, असं मिअरशायमर त्याच वर्षी सांगत होते. दोन्ही वेळा सरकारने वास्तववाद्यांचं ऐकलं नाही. मग २०१७ च्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणात चीन थेट प्रतिस्पर्धी ठरला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रगत चिप आणि त्या बनवायची यंत्रं चीनला विकण्यावर निर्बंध आले. म्हणजे इथे वास्तववाद खरा ठरला, पण दोन दशकं उशिरा.

यावरून माझं मत असं होत चाललंय की समोर तुल्यबळ शत्रू असेल तेव्हा राष्ट्रं वास्तववाद सांगतो तशी वागतात, आणि तो नसेल तेव्हा देशाच्या आतल्या कल्पनांना, हितसंबंधांना आणि माणसांना मोकळं रान मिळतं. त्या काळातलं धोरण आतूनच समजावावं लागतं. हे मांडणं सयुक्तिक आहे का? आणि इराकच्या बाबतीत ते तपासायचं कसं? कुठला पुरावा एका बाजूला जातो आणि दुसरीला जात नाही?

प्रतिसाद १

प्रश्न फार नेमका विचारला आहे. काही गोष्टी सुचवतो.

वॉल्ट्झ यांच्यावर तुम्ही थोडा जास्त भार टाकताय. त्यांनी १९७९ च्या पुस्तकात स्वतःच सांगून ठेवलंय की आपला सिद्धांत आंतरराष्ट्रीय राजकारणाचा आहे, परराष्ट्र धोरणाचा नाही. अमुक सरकार अमुक दिवशी काय करेल हे तो सांगत नाही. व्यवस्थेचे इशारे जो धुडकावेल त्याला किंमत मोजावी लागेल, एवढंच सांगतो. त्या अर्थाने ती जाहिरात सिद्धांताशी विसंगत नाही. पण मग इराकचा निर्णय समजावण्याचं काम त्या सिद्धांताकडून काढून घ्यावं लागतं, आणि ते प्रबंधात स्पष्ट लिहा. बरेच जण ही पायरी गाळतात.

ती पोकळी भरायला गिडिअन रोझ यांनी १९९८ मध्ये ‘नवअभिजात वास्तववाद’ हे नाव रूढ केलं. बळाचं गणित बाहेरून येतं, पण नेत्यांची समज आणि देशांतर्गत यंत्रणा या चाळणीतून जातं, अशी मांडणी. उपयोगी आहे, पण जपून वापरा. चाळणीत काहीही घालता येतं, आणि मग मार्गदर्शकांचा प्रश्न परत दारात उभा राहतो.

आता तपासणीचं. एकट्या २००३ कडे बघून काहीच सिद्ध होणार नाही. तुलना हवी. सगळे १९९१ चं आखाती युद्ध घेतात आणि त्यात गंमतशीर साम्य आहेच: जमिनीवरची लढाई १०० तासांत थांबवून बगदादकडे न जाणाऱ्या सरकारात डिक चेनी संरक्षणमंत्री होते. बगदाद घेतलं असतं तर दलदलीत रुतलो असतो, असं १९९४ च्या मुलाखतीत तेच सांगतात, आणि २००३ मध्ये उपाध्यक्ष म्हणून युद्धाचे सर्वांत आग्रही पुरस्कर्ते तेच. पण १९९१ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघ अजून उभा होता, शिवाय सुरक्षा परिषदेचा ठराव ६७८ कुवेत सोडवण्यापुरता होता. दोन-तीन गोष्टी एकाच वेळी बदलतात, त्यामुळे निष्कर्ष निसटतो.

त्यापेक्षा १९९८ घ्या. तोच सद्दाम, तोच दुबळा झालेला इराक, अमेरिकेला तुल्यबळ कुणी नाही. ३१ ऑक्टोबरला क्लिंटन यांनी इराक मुक्ती कायद्यावर सही केली, म्हणजे सद्दामला हटवणं हे अधिकृत धोरण झालं. डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे शस्त्रनिरीक्षक बाहेर पडताच चार दिवस बॉम्बफेक झाली. आणि तिथेच थांबले. बळाची रचना २००३ सारखीच, निर्णय वेगळा. जी गोष्ट दोन्ही वेळा सारखी होती, तिने फरक समजावता येत नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण ११ सप्टेंबरला विसरू नका. कट्टर वास्तववादी म्हणेल की मधल्या काळात धोका बदलला. त्याला उत्तर अफगाणिस्तानातून मिळेल. ऑक्टोबर २००१ मधली ती मोहीम धोक्याच्या हिशोबात बसते, कारण हल्लेखोरांचा आसरा तिथे होता. तो हिशोब इराकपर्यंत का ताणला गेला, हा तुमचा खरा प्रश्न.

दुसरं, उदारमतवादाचं एकच गाठोडं करू नका. डॉइल यांचा लोकशाहीचा मुद्दा वेगळा, रॉबर्ट कोहेन यांचा संस्थांचा वेगळा, अँड्र्यू मोराव्हचिक यांचा देशांतर्गत गटांचा वेगळा. इराकबाबत हे तिघे तीन दिशांना जातात. संस्थांचं वजन बघायचं असेल तर इराकला शस्त्रं सोडायची शेवटची संधी देणारा सुरक्षा परिषदेचा नोव्हेंबर २००२ चा ठराव १४४१ आणि त्यानंतर युद्धाला मंजुरी देणारा दुसरा ठराव मिळवायची धडपड बघा. मंजुरीची काहीच किंमत नसती तर एवढे महिने खर्ची का घातले? आणि किंमत होती तर १७ मार्च २००३ ला तो मसुदा मागे घेऊन तीन दिवसांत युद्ध कसं सुरू झालं? मला वाटतं संस्थांनी अमेरिकेला उशीर लावला, महाग पडल्या, पण रोखू शकल्या नाहीत.

रोखलं ते एका संसदेने, तेही थोडंसं. १ मार्च २००३ ला तुर्कस्तानच्या संसदेत अमेरिकन सैन्याला वाट देण्याचा ठराव आला. बाजूने २६४, विरोधात २५०, पण १९ जण तटस्थ राहिले आणि लागणारं बहुमत भरलं नाही. उत्तरेकडून घुसायची योजना बारगळली, आणि तिथे उतरायच्या डिव्हिजनला वळसा घालून कुवेतला जावं लागलं. महासत्तेचा दबाव एकीकडे आणि मतदारांचा कल दुसरीकडे, अशी समोरासमोर गाठ पडल्याचं हे उदाहरण तुम्हाला कामाला येईल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. १९९८ ची तुलना मला सुचलीच नसती, आणि तीच आता प्रबंधाचा कणा होईल असं दिसतंय. मांडणी अशी करतेय: बळाची रचना अमेरिकेला १९९८ आणि २००३ दोन्ही वेळा मोकळीक देते, भाग पाडत नाही. ११ सप्टेंबरने धोक्याची जाणीव तीव्र केली. त्यातून अफगाणिस्तान निघतं, इराक आपोआप निघत नाही. तिथपासून पुढचा टप्पा सरकारातल्या माणसांच्या समजुतींनी आणि देशांतर्गत राजकारणाने समजवायचा.

मार्गदर्शकांच्या प्रश्नालाही आता उत्तर देता येईल. १५ ऑगस्ट २००२ ला ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये युद्धाविरुद्ध लेख लिहिला होता. १९९१ च्या युद्धात थोरल्या बुशांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार तेच होते. बळाच्या हिशोबाने निर्णय होत असता, तर अशा आतल्या माणसाच्या आक्षेपांवर सरकारात आकडे, जोखीम आणि बाहेर पडण्याची वाट यांवर कसून चर्चा झाल्याचं दिसायला हवं. तशी चर्चा कागदपत्रांत सापडली, तर माझी मांडणी पडेल. सापडली नाही, तर ती टिकेल.

आता एकच विनंती. ऑक्टोबर २००२ मध्ये प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाचा अधिकार दिला. त्या चर्चेतली भाषणं मी वाचायला घेतली आहेत. बाजूने बोलणाऱ्यांनी धोका, लोकशाही आणि संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांचा मान, यातलं काय किती वेळा पुढे केलं ते तक्त्यात मांडायचं आहे. पण बरीच भाषणं तिन्ही एकाच दमात मांडतात. एका भाषणाची मुख्य भूमिका कोणती ते ठरवायला काय निकष लावायचा? कुणी संसदीय भाषणांवर असं काम केलं असेल तर वर्गवारी कशी केली होती ते सांगाल का?