बाहेरची कामं करून देणारी सेवा बडोद्यात वाढवायची आहे. आधी अ‍ॅप, की आधी अख्खं शहर?

कारेलीबाग_कट्टा

कारेलीबाग, हरणी रोड आणि जुन्या शहराचा भाग धरून घरोघरची बाहेरची कामं करून देणारी सेवा सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. औषधं आणणं, शिंप्याकडून कपडे, लॅबमधून रिपोर्ट, दळण, कोठी कचेरीत अर्ज कुठवर आला त्याची चौकशी, असलं सगळं. रायडर अर्धवेळ आहेत. एका कामाचे सरसकट ८० रुपये घेतो, त्यातले ६५ रायडरला जातात.

मागणी आहे, पण हातात काही उरत नाही. रायडरही दोन-तीन महिन्यांत सोडून जातात. अलकापुरी, गोत्री, मांजलपूरकडून सारखी विचारणा होते. एका डेव्हलपरने साडेतीन लाखांत अ‍ॅप करून देतो म्हणून सांगितलंय. त्यात कुणीही काम टाकायचं आणि रायडरांनी बोली लावायची. आधी काय करावं? अ‍ॅप, नवे भाग, की दर बदलावेत?

हिशेबनीस

दर. बाकी दोन्ही त्याच्यानंतर.

तुमचा ८० चा दर अंतर बघतो, वेळ बघत नाही. या धंद्यात पैसा रस्त्यावर जात नाही, काउंटरसमोर जातो. कारेलीबागेतून रावपुऱ्यात जाऊन परत येणं ७ किमी धरा. गाडी लिटरला ४५ देते आणि पेट्रोल ९५ रुपये धरलं, तर १५ रुपये पेट्रोल, वर टायर-ऑइलचे ५. झाले २०. जाण्यायेण्याची २५ मिनिटं आणि लॅबच्या खिडकीपाशी ४० मिनिटं, म्हणजे ६५ मिनिटं. तासाला ८० रुपये सुटल्याशिवाय चांगला मुलगा टिकत नाही, कारण तेवढे त्याला जेवणाच्या डिलिव्हरीत मिळतात. त्याचे ८७ रुपये. म्हणजे १०७ चं काम तो ६५ मध्ये करतो आहे. सोडून जाईल नाही तर काय करील?

दराची फोड अशी करून बघा: ४ किमी आणि १५ मिनिटं थांबण्यापर्यंत ६० रुपये. पुढे दर किमीला ८. थांबण्याच्या पुढच्या प्रत्येक १० मिनिटांना १५. वरच्या कामाला ६० + २४ + ४५ = १२९ होतात. ८५ टक्के रायडरला दिले तर त्याला ११० मिळतात, तुम्हाला १९.

आता ते १९ कुठे जातात ते बघा. फोनवर बसणाऱ्या माणसाला महिना १४ हजार देत असाल तर २०८ तासांच्या हिशेबाने तासाला ६७ रुपये पडतात. एका कामावर त्याची ८ मिनिटं गेली (‘कुठवर आला?’, ‘दुकान सापडत नाहीये’, ‘ही कंपनी नाही, दुसरी चालेल का?’) की ९ रुपये संपले. म्हणून अ‍ॅपच्या आधी प्रश्नांचा साचा बांधा. प्रत्येक प्रकारच्या कामाला चार-पाच ठरलेले प्रश्न, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या झटपट उत्तरांत भरून ठेवलेले. औषधाचं काम असेल तर: चिठ्ठीचा फोटो, किती गोळ्या, तीच कंपनी नसेल तर काय, दुकानाचं नाव, पैसे कोण देणार. हे पाचही आल्याशिवाय काम रायडरकडे जाता कामा नये. आठाची चार मिनिटं होतात.

खरी कमाई फेरीत आहे. सकाळी ११ ची रावपुरा–मांडवी–कोठी फेरी जाहीर करा, १० पर्यंत आलेली कामं तिच्यात, दर ७०. चार कामं, ११ किमी, सव्वादोन तास: २८० रुपये जमा, त्यातले २३८ रायडरचे. गाडीचे ३१ वजा जाता २०७, म्हणजे तासाला ९२. गिऱ्हाइकाला स्वस्त, रायडरला जास्त, तुम्हाला एका फेरीचे ४२. सरकारी कचेऱ्या साडेदहाला उघडतात, त्यामुळे ११ च्या आधी निघण्यात अर्थ नाही. दुसरा आणि चौथा शनिवार बँका आणि कचेऱ्या दोन्ही बंद. त्या दिवशी फेरी फक्त बाजाराची ठेवा.

बोलीच्या कल्पनेबद्दल एकच सांगतो. अमेरिकेतली टास्करॅबिट २००८ मध्ये रनमायएरंड या नावाने सुरू झाली ती बोलीवरच. २०१४ मध्ये त्यांनी बोली काढून टाकली आणि ठरलेल्या तासाच्या दरावर आले. औषध हवं असलेला माणूस पाच बोल्या वाचत बसत नाही, आणि रायडर एकमेकांचे दर पाडत बसतात.

पाणीगेट

दराचं पटलं. नव्या भागांबद्दल लिहितो.

आपलं शहर तीन पट्ट्यांत कापलेलं आहे. विश्वामित्री नदीच्या पूर्वेला जुनं शहर, कारेलीबाग, वाघोडिया रोड. नदी आणि रेल्वेच्या मध्ये फतेगंज, निझामपुरा, सयाजीगंज. रेल्वेच्या पलीकडे अलकापुरी, गोत्री, सुभानपुरा. नकाशात कारेलीबाग ते अलकापुरी जवळ दिसतं, पण संध्याकाळी सहाला नदीचा पूल आणि रेल्वे दोन्ही ओलांडा म्हणजे कळेल. ऑगस्ट २०२४ च्या पुरासारखं पाणी आलं तर पूल बंद होतात आणि तुमचे सगळे रायडर एकाच काठावर अडकतात. प्रत्येक पट्टा वेगळं गाव समजा: त्याचे रायडर त्याच पट्ट्यात राहणारे, त्याची फेरी वेगळी. पट्टा ओलांडायचा असेल तर ४० रुपये वर, आणि ते आधीच सांगायचे.

दुसऱ्या पट्ट्यात कधी जावं? पहिल्यात दहापैकी आठ कामं १० मिनिटांच्या आत कुणीतरी उचलतो, आणि नव्या दहा गिऱ्हाइकांतली निदान चार महिन्याभरात परत येतात, तेव्हा. तोवर अलकापुरीवाल्यांची नावं फक्त लिहून ठेवा. काम घेऊन दीड तास लावलात तर ते गिऱ्हाईक कायमचं गेलं, आणि त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर बोंब होईल ती वेगळी.

रायडरांचं पंचांग भिंतीवर लावा. नवरात्रात रात्री आठनंतर कुणी मिळणार नाही, गरब्याला जातात. दिवाळीनंतर लाभपाचमपर्यंत निम्मी दुकानं बंद, तेव्हा ‘दुकान बंद निघालं तर ४० रुपये लागतील’ हे आधी कबूल करून घ्या. उत्तरायणाला १४ आणि १५ जानेवारीला दुचाकीची कामं बंदच ठेवावीत असं माझं मत आहे. आणि त्याच्या आधीच्या पंधरवड्यातसुद्धा गळ्याला पट्टा आणि हँडलला मांजा अडवणारी तार लावल्याशिवाय कुणाला पाठवू नका. मांज्याने गळा कापतो, ही काही अतिशयोक्ती नाही.

आणखी एक, हे गुजरात आहे. इथे दारूबंदी आहे. ‘हे पाकीट तिथे देऊन या’ या कामात पाकीट उघडं बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. रायडरसमोर आत ठेवायचं, फोटो काढायचा, मग चिकटपट्टी. बाटली सापडली तर पकडला जाणार तो रायडर. नकाराची यादी छापून द्या: बंद पाकीट, सोनं, २,००० च्या वर रोकड, दुसऱ्याच्या नावाने सही, ओटीपी. मूळ कागदपत्रं शक्यतो नकोच. घ्यावीच लागली तर पाकिटावर यादी, गिऱ्हाइकाची सही आणि आधारची झेरॉक्स आकडे झाकलेली.

कारेलीबाग_कट्टा

दोघांचेही आभार. थांबण्याचे पैसे लावायचे तर वाद होणार. रायडर मुद्दाम उशीर करतोय असं गिऱ्हाईक म्हणेल. आणि सामानाचे पैसे आधी कोणी द्यायचे? रायडरकडे दोन हजार पडून नसतात. करांचंही कुणी सांगेल का?

हिशेबनीस

थांबण्याचा पुरावा सोपा आहे. पोचल्यावर रायडरने रांगेचा किंवा टोकनचा फोटो टाकायचा, नंबर लागल्यावर दुसरा. दोन्ही फोटोंवर व्हॉट्सअ‍ॅपची वेळ पडतेच, तोच मीटर. ३० मिनिटं झाली की गिऱ्हाइकाला विचारायचं, थांबू की परत येऊ? न विचारता ३० च्या पुढचे पैसे लावू नका. वाद नव्वद टक्के तिथेच मिटतो.

सामानाचं: ५०० पर्यंत रायडरच्या खिशातून, त्यासाठी तुम्ही त्याला ५०० ची उचल देऊन ठेवायची. त्यावर गेलं की रायडर दुकानाच्या क्यूआरचा आणि बिलाचा फोटो पाठवतो आणि गिऱ्हाईक थेट दुकानाला भरतं. भरण्याआधी स्क्रीनवर जे नाव येतं ते बिलावरच्या नावाशी जुळवायला सांगा. रायडरने दुकानाच्या जागी आपलाच क्यूआर पुढे केला तर इथेच पकडला जातो. औषधांच्या पट्टीची मुदत आणि बॅच नंबर दिसेल असा फोटो दुकानातच घ्या, घरी आणल्यावर परत करायला दुकानदार कटकट करतो. इन्सुलिनचं काम थर्मोकोलच्या डब्याशिवाय घेऊ नका, ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. बर्फाची पिशवी कपड्यात गुंडाळून ठेवा. बर्फाला चिकटून गोठलं तर ते फेकूनच द्यावं लागतं.

चलन_पावती

करांचं मी सांगतो, कारण अ‍ॅपचा निर्णय त्यावर फिरतो.

आज काम तुम्ही स्वतःच्या नावाने घेता, पावती तुमची, मुलं तुमची. अशा वेळी सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. अ‍ॅपवर रायडर हा वेगळा सेवा देणारा झाला की तुम्ही ई-कॉमर्स चालवणारे ठरता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मंचावरची स्थानिक डिलिव्हरी जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) खाली आली. रायडर जीएसटीत नोंदलेला नसेल तर १८ टक्के कर मंच चालवणाऱ्याने भरायचा, तोही पूर्ण रकमेवर, कमिशनवर नव्हे. आणि तिथे २० लाखांची सवलत नाही. हिशेबनीसांच्या उदाहरणातले १२९ करासकट धरले तर जवळपास २० रुपये कर, म्हणजे तुमचे १९ गेलेच. कर वर लावायचा तर गिऱ्हाइकाला १५२ सांगावे लागतील. साडेतीन लाखांचा कागद सही करण्याआधी प्रत्येक कामाचा प्रकार सी.ए.कडे नेऊन कोणत्या कलमात बसतो ते लेखी घ्या. रांगेत उभं राहणं आणि सामान पोचवणं या एकच गोष्टी नाहीत.

गिऱ्हाइकाचे पैसे आपल्या खात्यात घेऊन रायडरांना वाटणं अ‍ॅपवर करू नका. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला पेमेंट अ‍ॅग्रीगेटर घ्या, तो रक्कम आपोआप दोन खात्यांत विभागून देतो. आत्ताच्या व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा बचत खात्याचा क्यूआर बंद करून चालू खात्याचा लावा.

टीडीएसची धास्ती नको. मंचावरच्या पेमेंटला दर ०.१ टक्का आहे, आणि रायडरचा पॅन किंवा आधार घेतलेला असून वर्षाची रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तोही नाही. पॅन-आधार नसेल तर मात्र ५ टक्के. म्हणून पहिल्या दिवशीच घ्या. त्याच बरोबर ई-श्रमची (असंघटित कामगारांच्या सरकारी यादीतली) नोंदणीही करून घ्या. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यात अ‍ॅग्रीगेटरकडून (इथे म्हणजे काम जोडून देणाऱ्या मंचाकडून) उलाढालीच्या १ ते २ टक्के घ्यायची तरतूद आहे, मर्यादा गिग कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के.

सूरसागर_संध्याकाळ

सगळे रायडरवर बोलताय, गळतीवर कुणीच नाही. तिसऱ्या कामाला आजोबा रायडरलाच थेट फोन करतात, तुम्ही मधून बाद. नंबर लपवणारी सोय अ‍ॅपमध्ये घालतात, पण म्हाताऱ्या माणसाला अनोळखी नंबरवरून फोन आला की तो उचलत नाही, आणि काम तिथेच अडतं. मी तर नंबर उघडा ठेवीन. तीच जोडी पुन्हा जमली तर कमिशन १५ वरून ८ वर आणा, म्हणजे रायडरला चोरून काम करण्यात फारसा फायदा उरत नाही. शिवाय तो आजारी पडला तर तासाभरात दुसरा माणूस पाठवायची हमी द्या. थेट फोन करणाऱ्याला ती मिळत नाही.

गिऱ्हाईक शोधायचं तर आई-वडील इथे आणि मुलं परदेशात अशी घरं घ्या, आपल्या शहरात त्यांना तोटा नाही. त्यांना एकेका कामाचा दर नको असतो, महिन्याचं पाकीट हवं असतं: फेरीतली आठ कामं, ५६० रुपये आगाऊ, न वापरलेली दोन पुढच्या महिन्यात. काम झालं की मुलाला एक फोटो आणि दोन ओळी. पैसे मुलाच्या एनआरओ खात्यावरून (परदेशी राहणाऱ्यांचं इथल्या बँकेतलं रुपयांचं खातं) येऊ द्या, परदेशी कार्डाचं शुल्क तुमचं कमिशन खाऊन टाकतं.

वीजबिल भरण्यासारख्या कामांवर मात्र काही उभारू नका, ती फोनवर गेली. उलट नोव्हेंबरात पेन्शनरांचा हयातीचा दाखला. चेहरा दाखवून फोनवरच होतो, पण घरी येऊन करून देणारं कुणी हवं असतं. आधार, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा) आणि बँक पासबुक समोर ठेवायला आदल्या दिवशी सांगा, चेहऱ्यावर खिडकीचा उजेड पडेल असं बसवा, आणि ओटीपी आजोबांनी स्वतः टाकायचा.

पाणीगेट

८ टक्क्यांवर फोनवाल्या माणसाचे ९ रुपये कसे निघणार?

सूरसागर_संध्याकाळ

निघणार नाहीत, ७० च्या कामात साडेपाचच सुटतात. पण जुळलेल्या जोडीच्या कामात फोनवाला लागतच नाही. आजोबा काम ग्रुपवर टाकतात, रायडर होकाराचा अंगठा टाकतो, झालं. फोनवाल्याची मिनिटं नव्या गिऱ्हाइकांवरच खर्च करा. ग्रुप मात्र तुमच्या नंबरवरून बनलेला हवा आणि अ‍ॅडमिन तुम्हीच.

कारेलीबाग_कट्टा

ठीक. अ‍ॅपवाल्याला थांबायला सांगतो. सोमवारपासून ११ ची फेरी आणि नवा दर फक्त कारेलीबागेत लावतो. दळणाच्या डब्याला वजनाचे पैसे लावावेत का?

हिशेबनीस

१० किलोपर्यंत नाही. पुढे दर ५ किलोला १०, आणि १५ च्या वर दुचाकीवर घेऊच नका. डब्याला झाकण घट्ट असेल तरच, नाहीतर कापडी पिशवीत. गिरणीत भरताना आणि घरी देताना, दोन्हीकडे वजनकाट्याचा फोटो. पीठ कमी भरलं हे भांडण औषधांपेक्षा जास्त होतं.