सल्ला हवा: 'डार्क शॅडोज'चा कुठला भाग आधी दाखवू?

दुपारची_साय
मंडळी, सासरे नाशिकहून आलेत, दिवाळीपर्यंत आमच्याकडेच आहेत. भयकथांचं वाचन दांडगं. बोलता बोलता त्यांना 'डार्क शॅडोज' या जुन्या अमेरिकन मालिकेबद्दल सांगितलं: १९६६ ते १९७१, एबीसी वाहिनीवर सोमवार ते शुक्रवार दुपारी अर्धा तास, मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट गाव, कड्यावरचा वाडा, भुतं, चेटकिणी, व्हॅम्पायर. ते म्हणाले, "एक भाग दाखव. पटला तर पुढचं बघू." म्हणजे मला संधी एकच. इंग्रजी वाचतात उत्तम, पण हल्लीच्या मालिकांमधलं पुटपुटणं त्यांना कळत नाही. घरात डीव्हीडी प्लेअर आहे. बजेट २५ डॉलर. कुठला भाग लावू आणि काय घेऊ?

निशाचर
भाग २१०. दुसरं उत्तर नाही. एप्रिल १९६७. विली लूमिस हा भुरटा कॉलिन्स घराण्याच्या दागिन्यांच्या लोभानं रात्री त्यांच्या थडग्याच्या दालनात शिरतो. आत साखळदंडांनी बांधलेली शवपेटी. घबाड मिळालं या खुशीत साखळ्या तोडतो, झाकण उचलतो आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो. भाग संपला! चेहरा नाहीच दिसत. अंगावर काटा येतो हो.

मेनमधला_मामा
साय, पहिल्या भागापासून बघ. वाड्यावर शिकवणीला नेमलेली व्हिक्टोरिया विंटर्स गाडीतून कॉलिन्सपोर्टला येते तिथून. माझ्याकडे शवपेटीच्या आकाराचा पूर्ण संच आहे, १३१ डिस्क, १२२५ भाग. दिवाणखान्यात कपाटाच्या वर ठेवलाय, येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. तोच घे, एकदाच खर्च होतो.

दुपारची_साय
मामा, बजेट २५ डॉलर आहे हो.

मेनमधला_मामा
वाचलं. पण तुकड्यातुकड्यानं घेतलंस तर शेवटी जास्तच पडेल. जुना मिळतो का बघ.

जुनीटेप
जुना घेताना डोळ्यांत तेल घालून घे. मी एका विक्रेत्याकडून 'कलेक्शन १' घेतलं, पहिला भाग असेल या समजुतीनं. त्यात सुरुवातच २१० पासून! विचारलं तर म्हणे परत घेत नाही. डीव्हीडी काढणाऱ्यांनी व्हॅम्पायर येतो तिथून कलेक्शनचे आकडे सुरू केलेत आणि १ ते २०९ हे भाग 'द बिगिनिंग' या नावानं वेगळे काढलेत. वेष्टणावरचे भागांचे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस.
आणि माझं मत विचारशील तर १७९५ चं कथानक. व्हिक्टोरिया प्लँचेटला बसते आणि तिथून थेट १७९५ मध्ये जाऊन पडते, तो भाग ३६५. शवपेटीतला तो व्हॅम्पायर, बार्नबस कॉलिन्स, आधी साधा माणूस होता. मार्टिनिकहून आलेल्या जोसेटशी त्याचं लग्न ठरलेलं, आणि जोसेटच्या घरची दासी अँजेलिक त्याच्यावर जीव टाकते. ती निघते चेटकीण. तिच्या शापानं तो व्हॅम्पायर होतो. हे कळल्यावर त्याच्याकडे बघण्याची नजरच बदलते.

निशाचर
जुनीटेप, १७९५ आधी दाखवलं तर २१० ची वाट लागेल. बाप जोशुआ पोटच्या पोराला मारू शकत नाही, म्हणून शवपेटीला साखळ्या घालायला लावतो. त्याच साखळ्या विली तोडतो. आधी साखळ्या बघायच्या, मग त्या कोणी घातल्या ते कळायचं, हाच तर आनंद आहे.

जुनीटेप
उलट! कारण माहीत असेल तर विली साखळीला हात लावताना जीव जास्त खालीवर होतो.

चिंचगूळ
एवढे जुने भाग कशाला? जॉनी डेपचा २०१२ चा सिनेमा दाखवा, दोन तासांत काम फत्ते.

मेनमधला_मामा
नको. त्या सिनेमानं बार्नबसला हसण्यावारी नेलाय. मूळ बार्नबस म्हणजे जोनाथन फ्रिड, कॅनडाचा रंगभूमीवरचा नट. काही आठवड्यांसाठी आणला होता आणि प्रेक्षकांनी त्याला जाऊच दिलं नाही. व्हॅम्पायरला आपल्या असण्याची शरम वाटते, हे त्याच्या डोळ्यांत दिसतं.

खिडकीपाशी
पण फ्रिड वाक्यं विसरायचा ना? डोळे सतत टेलिप्रॉम्प्टरकडे. आम्ही बघत होतो तेव्हा वरून माइकची दांडी दिसली आणि मुलं हसत सुटली. जाणत्या वाचकाला हे दाखवून त्यांचा विरस कशाला करायचा?

जुनीटेप
खिडकीपाशी, ती मालिका स्टुडिओत नाटकासारखी सलग चित्रित व्हायची. तेव्हाची व्हिडिओ टेप कापून जोडणं महागाचं आणि कटकटीचं, त्यामुळे फारच मोठा घोळ झाला तरच थांबायचे. रोज एक भाग उभा करायचा म्हणजे काय, हे ज्यानं नाटकाची तालीम केलीय त्याला विचारा. मला त्या चुका खुपत नाहीत. समोर माणसं खरोखर धडपडताना दिसतात.

खिडकीपाशी
खुपत नाहीत हे तुमचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला खुपतात.

कोकणकडा
विषयांतर करतोय, पण सासरेबुवांना वाडाच दाखवायला न्या. न्यूयॉर्कजवळ टॅरीटाउनला लिंडहर्स्ट म्हणून आहे, तिकीट काढून आत जाता येतं. आम्ही गेलो होतो, झकास फोटो आले.

मेनमधला_मामा
कोकणकडा, तो सिनेमांमधला वाडा. १९७० आणि १९७१ चे दोन चित्रपट लिंडहर्स्टला झाले. मालिकेत दिसणारं कॉलिनवुड, कॉलिन्स घराण्याचा वाडा, म्हणजे ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचं 'सीव्ह्यू टेरेस'. तेही फक्त बाहेरून, आतलं सगळं न्यूयॉर्कच्या स्टुडिओत. ती खासगी मालमत्ता आहे, रस्त्यावरूनच बघायची.

कोकणकडा
आम्हाला तिथल्या माणसानं हाच तो वाडा म्हणून सांगितलं होतं.

मेनमधला_मामा
सिनेमाचा म्हणाला असेल.

रातकिडा
२१० ला अनुमोदन. हात बाहेर येतो तो प्रसंग भारीच.
साय, एक महत्त्वाचं. एकटा २१० लावू नकोस, लगेच २११ लाव. त्यात बार्नबस कॉलिनवुडच्या दारात उभा राहतो, इंग्लंडहून आलेला चुलतभाऊ म्हणून ओळख सांगतो, आणि आत भिंतीवर त्याच्याच चेहऱ्याचं जुनं तैलचित्र. दोन्ही मिळून पाऊण तासही होत नाही. भाषेची काळजी नको. फ्रिड, जोन बेनेट, लुई एडमंड्स, सगळे शब्द सुटे सुटे आणि ठसक्यात बोलतात.
हे भाग कृष्णधवल आहेत. रंग ऑगस्ट १९६७ पासून. पुढे जाल तेव्हा रंगीत काळातला एखादा भाग अचानक कृष्णधवल लागेल, तर टीव्ही ठीक आहे, त्या भागाची तशीच प्रत उरली आहे. भाग १२१९ ची तर चित्रफीतच उरली नाही, फक्त आवाज आहे. आणि सुट्ट्यांमुळे प्रक्षेपण हुकलं की मधले आकडे गाळायचे, म्हणून भाग १२२५ असले तरी शेवटच्याचा क्रमांक १२४५ आहे. डिस्कवर मधला आकडा नसला तर भाग हरवला समजू नका.

पाणकोंबडी
डिस्क नाशिकला न्यायच्या असतील तर तिथला प्लेअर बघा. अमेरिकन डिस्क रीजन १ च्या असतात, भारतातल्या प्लेअरवर बरेचदा चालत नाहीत. विकत घेण्याआधी गावच्या वाचनालयात विचारा. त्यांच्याकडे नसेल तर दुसऱ्या वाचनालयातून मागवून देतात.

चिंचगूळ
१९९१ ची नवी मालिकाही होती, बेन क्रॉसची. रंगीत, छोटी, माइक दिसत नाही. तिचं कोणीच नाव घेत नाही.

निशाचर
घेणारही नाही. २१०.

दुपारची_साय
सगळ्यांचे आभार. पाणकोंबडीताई, वाचनालयाचं फार उपयोगी पडलं, 'द बिगिनिंग'च्या डिस्क तिथेच मिळाल्या, पैसे लागले नाहीत.
मी २१० लावला नाही. १७९५ ही नाही, पहिला भागही नाही. सासऱ्यांना व्हॅम्पायरपेक्षा भुतांची ओढ जास्त, म्हणून भाग ७० लावला. कॉलिन्स घराण्यातला छोटा डेव्हिड व्हिक्टोरियाला कॉलिनवुडजवळच्या जुन्या, ओसाड वाड्यात नेऊन जोसेटचं चित्र दाखवतो. सगळे निघून गेल्यावर चित्र उजळतं, जोसेट त्यातून उतरते आणि बाहेरच्या खांबांमधून नाचत फिरते. संवाद नाही, नुसतं संगीत. सासरे पुढे सरकून बसले. संपल्यावर म्हणाले, "ही बाई कोण होती, तिचं काय झालं, ते कुठल्या भागात आहे?"

जुनीटेप
१७९५!! सांगितलं होतं.

निशाचर
आधी २१०, मग १७९५. क्रम मोडू नकोस, साय.

मेनमधला_मामा
७० पर्यंत आलेच आहेत तर आता ७१ पासून सलग बघू देत. पुढे लॉरा येते, डेव्हिडची आई, आगीतून पुन्हा जन्मणारी. ती वगळू नका. आणि संचाचं मनावर घे, एक जुना विकायला निघालाय, व्यक्तिगत संदेश करतो.