त्रेत्सो आणि अड्डा नदी: मिलानहून एका दिवसात काय होईल?

दत्तचौककर:
ऑक्टोबरात सोलापूरहून चौघं मिलानला जातोय, एक दिवस मोकळा आहे. कोमो सरोवराची गर्दी नको. त्रेत्सोला किल्ला आणि नदी सोडून काय आहे? रेल्वे जाते का?

भीमाकाठ:
त्रेत्सोला रेल्वे नाही, लोक इथेच फसतात. मेट्रोच्या हिरव्या लाइनने गेस्साते या शेवटच्या स्टेशनापर्यंत जा, पुढे बस. परतीची बस आधी बघून ठेवा.

किल्ल्याला नदीच्या वळणामुळे तीन बाजूंनी पाणी. मिलानचा सत्ताधीश बेर्नाबो विस्कोंती याने १३७० ते १३७७ मध्ये इथे एकाच कमानीचा पूल बांधला, गाळा ७२ मीटर! १४१६च्या वेढ्यात तो पाडला. काठावर कमानीचं बूड शिल्लक आहे. ते सोडून सगळे बुरुजाकडे पळतात. बेर्नाबोला पुतण्यानेच याच किल्ल्यात डांबलं, १३८५मध्ये तो तिथेच मेला.

मिलचाळ:
सोलापूरकराने पलीकडच्या काठावरचं क्रेस्पी द'अड्डा हे गिरणी-कामगारांचं गाव चुकवू नये. १८७८ची कापड गिरणी, म्हणजे आपल्या जुन्या मिलच्याच दशकातली. फरक घरांत: चाळी नाहीत, कामगारांना बाग असलेली सुटी घरं. दफनभूमीत मात्र मालकाच्या समाधीचा मनोरा आणि पुढ्यात कामगारांच्या छोट्या कबरी, तिथे सगळा हिशेब दिसतो. १९९५पासून युनेस्कोच्या यादीत. गिरणी बंद आहे, पण घरांत लोक राहतात. कुंपणातून डोकावू नका. त्रेत्सोतलं १९०६चं ताक्कानी वीजघरही गिरणीमालक क्रेस्पींनीच बांधलं. ते आतून रोज बघता येत नाही, बाहेरूनच धरून चाला.

भीमाकाठ:
क्रेस्पीला त्रेत्सोहून चालतही जाता येतं. वाटेत काठाचा खडक हात लावून बघा: नदीतले गोलगोल गोटे चिकटून झालेला, काँक्रीटसारखा. तिथे त्याला चेप्पो म्हणतात, आणि वीजघराला तोच दगड आहे.

सायकलघाट:
नदीचं गणित भीमेहून वेगळं आहे. आल्प्सचा बर्फ वितळतो म्हणून अड्डा मे-जूनमध्ये, म्हणजे आपली भीमा कोरडी असते तेव्हा, फुगते. ऑक्टोबरात पाऊस झाला तर काठची वाट निसरडी, चप्पल घालून जाऊ नका.

सायकल घेतलीत तर वरच्या अंगाला इंबेर्सागोची बिनइंजिनाची नाव आहे. नदीवर आडवा दोर बांधलाय, नावाडी नाव तिरकी धरतो आणि प्रवाहच ती पलीकडे ढकलतो. पाणी फार चढलं किंवा उतरलं की ती बंद. क्रेस्पी आणि इंबेर्सागो एका दिवसात कोंबू नका. चौघांत कुणाचे गुडघे दुखत असतील तर त्रेत्सो-क्रेस्पी एवढंच करा.