मदत हवी आहे : 'आयरनी'ला मराठीत एकच शब्द चालेल का?

बारावीसाठी आयरनीच्या (म्हणजे बोललं किंवा दिसतं एक, खरं असतं त्याच्या उलट) तीन प्रकारांवर टिपण करतेय: शाब्दिक, प्रसंगातली आणि नाट्यगत. शाब्दिक प्रकाराला 'उपरोध' चालतो: 'वा, काय दिवे लावलेस!' पण ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकातल्या ईडिपसपाशी गाडी अडते. 'तू बापाला मारशील' हे भाकीत टाळायला तो कॉरिंथ हे शहर सोडतो आणि त्याच वाटेवर नकळत खऱ्या बापाला मारतो. इथे बोलणाराच नाही, मग उपरोध कुणाचा? 'दैवदुर्विलास' म्हणावं, तर पुढे तो राजाच्या, म्हणजे त्याच बापाच्या, खुन्याला शाप देतो. खुनी तोच, हे प्रेक्षकांना ठाऊक, त्यालाच नाही. तिथे हा शब्द तोकडा पडतो. कुणी सरसकट 'व्याजोक्ती' लिहितात, ते तर चूकच. व्याजोक्ती म्हणजे खरं कारण लपवणं: रडू आलं की डोळ्यात कचरा गेला म्हणायचं. तिन्हींना पुरेल असा शब्द सुचवाल? की तीन वेगळेच ठेवू?